बोटाची क-प्रत

काशीदचा किनारा तीन किलोमीटर लांब आहे असं कुणी म्हटलं, की बाकीचे मान डोलावतात आणि गाडी लावायला सावली शोधतात. अण्णा विचारतात, "कुठल्या भरतीला?"

अण्णा भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झाले, असं पेन्शनच्या कागदावर लिहिलेलं आहे. खरं म्हणजे खातंच अण्णांमधून निवृत्त झालं. अण्णांची मोजणी चालूच आहे. शर्टाच्या खिशात दोन पेनं, टोक काढलेली एक शिसपेन्सिल, कमरेला पाच मीटरचा टेप. टेपचं पहिलं टोक हलतं, झिजतं, वाकतं. म्हणून शून्यापासून कधीच मोजायचं नाही, एकपासून मोजायचं आणि शेवटी एक वजा करायचा, हा त्यांचा पहिला धडा. ओसरीवर टेकलेल्या प्रत्येक पाहुण्याला तो चहाच्या आधी मिळतो.

घर रस्त्याच्या आतल्या अंगाला, नारळी-पोफळीच्या वाडीत. पाहुण्यांसाठी चार खोल्या आहेत. त्या मुलगा चालवतो आणि स्वयंपाक काकू चालवतात. आजूबाजूच्या पाट्यांवर 'बीच दोन मिनिटांवर' असं लिहिलेलं असतं. अण्णांच्या पाटीवर लिहिलं आहे, 'समुद्र ४१२ मीटर', आणि खाली बारीक अक्षरात, 'सुरूच्या पहिल्या झाडापर्यंत. पुढे वाळू.' जेवणाच्या फळ्यावर सुरमईच्या तुकडीसमोर वजन असतं आणि त्यापुढे 'कच्ची असताना'. गिऱ्हाईक भांडेल म्हणून नव्हे; भांडलंच तर बसून हिशेब करता यावा म्हणून.

अशी माणसं फक्त काशीदला असतात असं नाही. पुण्याच्या सोसायटीत टाकीत काठी बुडवून पाणी मोजणारे तेच, लग्नात आचाऱ्यामागे उभं राहून ताटं मोजणारे तेच, आणि 'पाचच मिनिटांत आलो' म्हणणाऱ्याला सहाव्या मिनिटाला फोन करणारेही तेच. फरक एवढाच, की अण्णांनी आयुष्यभर याचा पगार घेतला.

मांडव्याला २०२० मध्ये रो-रो बोट सुरू झाली, २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू झाला, आणि या किनाऱ्यावर जमीन विचारणाऱ्यांची रीघ लागली. मुंबईचे पाहुणे सोलकढी पिता पिता सहज विचारतात, "इकडे पाच-सहा गुंठे मिळतील का हो?" अण्णा वाटी खाली ठेवतात. "पाच की सहा? तेहेतीस फूट बाय तेहेतीस फूट म्हणजे एक गुंठा. एक हजार एकोणनव्वद चौरस फूट. तुमच्या 'पाच-सहा'मधल्या त्या बारक्या रेघेत तुमचा दादरचा फ्लॅट बसेल." पाहुणे हसतात. अण्णा हसत नाहीत, कारण त्यांनी दादरच्या फ्लॅटचं क्षेत्रफळ विचारून घेतलेलं असतं, कार्पेट.

त्यांची दैवतं दोन, आणि दोन्ही याच किनाऱ्यावरची. पहिलं अलिबागला. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी बिघडणार, म्हणून कुलाब्याचं चुंबकीय काम १९०४ मध्ये अलिबागच्या वेधशाळेत आणलं गेलं. इमारतीच्या बांधकामातही लोखंड टाळलं. "माप बिघडू नये म्हणून माणसं समुद्र ओलांडून आली," असं म्हणताना अण्णांचा आवाज जड होतो. दुसरं दैवत मुरुडच्या वाटेवर, नांदगावचे गणेश दैवज्ञ. त्यांनी १५२० च्या सुमारास 'ग्रहलाघव' हा ग्रंथ रचला आणि ग्रहगणितातली ज्या-चापांची किचकट आकडेमोड बाजूला ठेवून, गावच्या जोशालाही पंचांग मांडता येईल अशी सोपी रीत दिली. अण्णा नांदगावच्या गणपतीला जातात तेव्हा एक नमस्कार देवाला आणि एक दैवज्ञांना करतात. दैवज्ञांनी अवघड गणित सोपं केलं, ही गोष्ट मात्र त्यांनी फारशी मनावर घेतलेली नाही.

अण्णांना अंदाजाचा तिटकारा. भरतीची वेळ काढायला इथे कुणी कोष्टक उघडत नाही. तिथीची पाऊणपट करायची, की झालं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पिढ्यान्‌पिढ्या होड्या याच हिशेबाने सुटल्या. अण्णांच्या मते होड्या सुटल्या हे नशीब, हिशेब नव्हे.

एकदा पुण्याच्या एका पाहुण्याची लग्नातली अंगठी समुद्रात की वाळूत पडली. थंड पाण्यात बोट आकसतं आणि सैल अंगठी कधी निसटली ते कळतही नाही. या किनाऱ्यावर हे नेहमीचं आहे. बाकीचे पायाने वाळू उकरत होते. अण्णा खुंट्या, सुतळी आणि टेप घेऊन आले, संशयित क्षेत्राचे एक-एक मीटरचे चौकोन आखले, चौकोनांना क्रमांक दिले आणि वायव्य कोपऱ्यापासून शोध सुरू केला. तिथी अष्टमी. नारळपाणीवाला म्हणाला, "अण्णा, सहाला भरती." अण्णा म्हणाले, "पाऊणपटीचं सांगू नकोस. कोष्टकात सहा वाजून बारा आहेत." पण कोष्टकात असते ती पूर्ण भरतीची वेळ. पाणी त्याआधीच चढायला लागतं, आणि ते वायव्येकडूनच आलं. खुंट्या गेल्या, सुतळी गेली. अंगठी सापडली नाही. तिचा नकाशा मात्र अण्णांच्या ओसरीवर अजून लावलेला आहे: ओळीने चौकोन, आणि तपासलेल्या प्रत्येक चौकोनात सुवाच्य अक्षरात 'येथे नाही'.

हसणारे हसले. पण २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ या किनाऱ्यावरून गेलं, सुरूची झाडं आडवी झाली, वाड्याच्या वाड्या झोपल्या, तेव्हा पंचनाम्याला आलेल्या माणसासमोर सगळं गाव 'पुष्कळ नुकसान झालं' एवढंच सांगू शकत होतं. अण्णांच्या वहीत शेजारच्यांच्या वाडीतल्यासुद्धा पोफळी ओळीने मांडलेल्या होत्या: किती उभ्या, किती मोडल्या, किती कललेल्या आणि किती अंशांनी. त्या वेळी कुणी हसलं नाही. असा माणूस सुखाच्या दिवसांत नकोसा होतो. वाईट दिवसांत त्याच्याच दारात रांग लागते.

तर या घरात मुलाचं लग्न ठरलं. साखरपुड्याआधी रोह्याहून व्याह्यांचा निरोप आला, "जावईबापूंच्या बोटाचं माप कळवा, अंगठी करायला टाकायची आहे." इकडून मुलीच्या बोटाचं माप विचारलं होतं, त्याचं उत्तर एका शब्दात आलं होतं: बारा.

"कुठल्या वेळेचं बारा?" अण्णांनी विचारलं. तिकडून उत्तर आलं नाही.

मुलगा कोळंबी सोलत होता. तो म्हणाला, "माझं अठरा-वीस सांगून टाका."

"अठरा-वीस हे वय असतं," अण्णा म्हणाले. "माप नसतं."

काकूंनी गजऱ्याचा दोरा तोडून मुलाच्या बोटाला गुंडाळला. अण्णांनी तो जागेवरच जप्त केला. दोरा ओढला की लांबतो, सोडला की पीळ खातो, आवळला की मांसात रुततो. दोऱ्याने घेतलेलं माप हे बोटाचं नसून घेणाऱ्याच्या जोराचं असतं. काकू म्हणाल्या, "आपल्या लग्नात दोऱ्यानेच घेतलं होतं." अण्णांनी स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. ती अंगठी साबण लावूनही निघत नाही.

मग रीतसर मोजणी ठरली. "साधी, तातडीची की अतितातडीची?" अण्णांनी खात्यातल्या जुन्या सवयीने विचारलं. मुलगा म्हणाला, "अतितातडीची करा, मला कोळंबी टाकायची आहे." अण्णांनी वार आणि वेळ जाहीर केली आणि लगतच्या कब्जेदारांना हजर राहायला सांगितलं. लगतचे कब्जेदार म्हणजे करंगळी आणि मधलं बोट. त्यांनी सरकून बसायचं होतं.

पद्धत मात्र, हे कबूल केलं पाहिजे, चोख होती. वहीच्या कोऱ्या पानाची पाच मिलिमीटर रुंदीची पट्टी, कात्रीने नव्हे, फूटपट्टी धरून ब्लेडने कापलेली. ती बोटाच्या मुळाशी अशी गुंडाळायची की गोल फिरली पाहिजे, पण आपोआप घसरता कामा नये. पट्टी जिथे स्वतःवर चढते तिथे पेन्सिलीची एकच रेघ, दोन्ही थरांवर उमटेल अशी. मग पट्टी सरळ करून रेघेपासून रेघेपर्यंत मोजायचं. "इथेच लोक घसरतात," अण्णा म्हणाले, "रेघेच्या पुढचं उरलेलं शेपूटसुद्धा मोजतात." आलेल्या मिलिमीटरमधून चाळीस वजा केले, की आपल्याकडच्या सोनारांचा नंबर निघतो. घेर अठ्ठावन्न, तर नंबर अठरा. एक नंबर म्हणजे घेरात साधारण एक मिलिमीटर. अमेरिकेत सात नंबर मागितला तर आपल्या चौदाच्या आसपासची अंगठी हातात पडते, आणि इंग्लंडात आकडे नाहीतच, एबीसीडी आहे. "तिथे बोटाला इयत्ता नाही," अण्णा म्हणाले, "नुसती तुकडी."

पहिल्याच मोजणीला अठ्ठावन्न आलं. दुसऱ्या कुणी तेवढ्यावर फोन केला असता. अण्णांनी वहीत रकाने पाडले: वार, वेळ, हवा, जेवण, घेर. सकाळी उठल्याबरोबर बोट फुगलेलं असतं, म्हणून एकोणसाठ. दुपारी बाजारातून उन्हातून आल्यावर साठ. रात्री सुकटीची चटणी झाली तर दुसऱ्या दिवशी खारटाने पुन्हा साठ. समुद्रात डुंबून आल्यावर साडेछपन्न. मुलगा झोपेत असताना बॅटरीच्या उजेडात घेतलेल्या मापासमोर शेरा आहे: 'खातेदाराने सहकार्य केले.'

त्यातच पेराचा प्रश्न आला. मुळाशी अठ्ठावन्न, पण पेर चांगलं जाडजूड, एकसष्ट. अंगठी पेरावरून आत गेली पाहिजे आणि आत गेल्यावर गरगर फिरता कामा नये. अण्णांनी पेराला 'पोटखराबा' असं नाव दिलं: क्षेत्रात धरायचा, पण पिकाखाली नाही. मुळाचं आणि पेराचं माप घेऊन मधला आकडा धरायचा, असा निर्णय झाला. मग पट्टा किती रुंदीचा, याची विचारणा रोह्याला गेली, कारण रुंद पट्टा बोटावर जास्त जागा दाबतो आणि त्याला एखादा नंबर वाढवून द्यावा लागतो. उत्तर आलं, "साधीच आहे हो, बारीक." अण्णांनी वहीत लिहिलं, 'बारीक (मिमी कळवले नाहीत).'

पुण्याहून आलेल्या पुतणीने मोबाइलवर ॲप काढलं. पडद्यावरच्या वर्तुळावर जुनी अंगठी ठेवायची आणि वर्तुळ तिच्या आतल्या कडेला येईपर्यंत सरकवायचं. त्याआधी पडदा खरा आहे की नाही ते एटीएम कार्ड ठेवून तपासायचं. अण्णांनी आधी कार्डच मोजलं. पंच्याऐंशी पूर्णांक सहा दशांश मिलिमीटर. पुतणी म्हणाली, सगळ्या बँकांची कार्डं एवढीच असतात. बँकांबद्दल अण्णांना त्या दिवशी पहिल्यांदा आदर वाटला. ॲपबद्दल वाटला नाही. "व्यास मोजतंय ते. व्यासात एका मिलिमीटरची चूक म्हणजे घेरात तिनाहून जास्तीची. अंगठीचा नंबर तीनने सरकला. पाई माफ करत नाही."

वही भरत आली तेव्हा काकू पापलेटला मीठ लावता लावता म्हणाल्या, "अंगठी उजव्या हातात घालणार ना? तुम्ही डावा मोजताय."

मुलाचा उजवा हात कायम कोळंबीत, नारळात नाही तर पाहुण्यांच्या बॅगांत असायचा, म्हणून रिकामा असलेला डावा पुढे येत गेला होता. आणि ज्या हाताने माणूस काम करतो, त्याची बोटं बहुधा थोडी जाड असतात. अण्णांनी चष्मा पुसला, वहीत आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'फेरमोजणी'.

शेवटी क-प्रत, म्हणजे मोजणीनंतर खातेदाराला मिळणारा नकाशा, तयार झाली. अनामिकेचा नकाशा, परिमाण एकास एक, हद्दी लाल शाईने, पोटखराबा तिरप्या रेघांनी, उत्तर दिशा बाणाने. मधोमध ठळक आकडा: ६९. खालच्या कोपऱ्यात, प्रत्येक नकाशावर असते तशी टीप: 'वाचन एक सेंमीपासून. वजा १० मिमी.' मुलाने फोटो काढून रोह्याला पाठवला. फोटोत कोपरा आला नाही.

त्याच संध्याकाळी व्याह्यांच्या सोनाराचा फोन आला. आधी त्याने नमस्कार केला, तब्येत विचारली, मग हळूच म्हणाला, "मुलगा कुस्ती वगैरे खेळतो का?"

एकोणसत्तरमधून चाळीस गेले की उरतात एकोणतीस. सोनं दहा ग्रॅमला लाखाच्या पुढे गेलेलं असताना एकोणतीस नंबरची अंगठी म्हणजे जास्तीचं सोनं; सोनाराने घाई केली असती तरी कुणी दोष दिला नसता. पण तो जुना माणूस होता. घरून आलेलं माप म्हणजे नुसती बातमी, तिची खातरजमा करायची, हा त्याचा नेम. त्याने अण्णांना फोनवर समजावून सांगितलं: साधी अंगठी एक-दोन नंबर वाढवता येते, कमीही करता येते, कमी करायची तर कापून सांधावी लागते, खडे असले तर काम नाजूक, आणि हॉलमार्कचा सहा अक्षरी क्रमांक आतल्या बाजूला कोरलेला असतो, काप त्याच्यावरून जाता कामा नये. अण्णांनी सगळं लिहून घेतलं. मग सोनार म्हणाला, "मी कड्या पाठवतो. त्यात बोट घालून बघा."

कड्यांचा जुडगा एका पाहुण्याबरोबर आला. किल्ल्यांसारख्या एकात अडकवलेल्या कड्या, प्रत्येकीवर नंबर कोरलेला. मुलाने हात धुतला. अठराची कडी पेराशी अडली. एकोणीसची जराशी फिरवल्यावर पेर ओलांडून गेली आणि मुळाशी बसली. हात खाली करून झटकला, पडली नाही. वीसची घातली, ती फिरायला लागली. चहा उतू जायच्या आत निकाल लागला: एकोणीस.

अण्णा काही बोलले नाहीत. आतून व्हर्नियर घेऊन आले, त्याचे वरचे दोन दात एकोणीसच्या कडीत उघडले आणि आकडा वाचला. अठरा पूर्णांक आठ दशांशाच्या आतबाहेर. त्याला तीन पूर्णांक चौदाने गुणलं. एकोणसाठ. त्यातून चाळीस वजा. "बरोबर आहे," ते म्हणाले, कडीला पास केल्यासारखं.

आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं, की एकोणसत्तरमधून दहा गेले तरी एकोणसाठच राहतात. अण्णांचं माप अचूक होतं. डावा-उजवा, ऊन-थंडी, सुकट-समुद्र, मूळ-पेर, सगळ्यांतून गाळून त्यांनी खरा आकडा काढला होता. फक्त तो त्यांनाच वाचता येत होता.

या जातीच्या माणसांची हीच गंमत आणि हीच अडचण. त्यांचं चुकत नाही. बाकीच्यांचं त्यांच्यामुळे चुकतं. त्यांच्या प्रत्येक बरोबर उत्तराच्या कोपऱ्यात एक 'वजा दहा' असतं, आणि तो कोपरा जगाच्या फोटोत येत नाही. नांदगावच्या दैवज्ञांचं मोठेपण त्यांनी केलेल्या गणितात जेवढं, तेवढंच ते गणित दुसऱ्याच्या हाती देण्यात होतं. अण्णांच्या दुसऱ्या नमस्कारात ही अर्धी गोष्ट राहून जाते.

तेव्हा तुमच्या घरी साखरपुडा असेल आणि अंगठीचं माप घरीच घ्यायची वेळ आली, तर ते दिवस कलल्यावर घ्या, बोट गारठलेलं किंवा उन्हाने तापलेलं नसताना. ज्या हातात घालायची त्याच हाताचं घ्या. दोरा नको, कागदाची पट्टी घ्या. मूळही मोजा आणि पेरही. दोन-तीन वेळा बघा, वही करू नका. वजाबाकी स्वतः करून सोनाराला एकच आकडा कळवा; आणि दुकान जवळ असेल तर एवढंही नको, जाऊन कडीत बोट घालून या. काशीदला आलात तर पाण्यात उतरण्याआधी अंगठी काढून नीट ठेवा. आणि हरवलीच, तर आधी तिथी विचारा, मग अण्णांना बोलवा.